न्हाणीतला पाट

माझं माहेर मिठागरावरचं, पेणच्या खाडीकडं. बाप मिठागरावर कामाला, आई टोपल्या वाहायची, आणि आम्ही बहीणभाऊ दोघं बांधावरच वाढलो. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा दादा, आणि मी. बापाला लिहायला यायचं नाय, पण डोकं टापटिपीचं. संध्याकाळी चहा पिताना तो दुसऱ्या दिवसाचं काम तोंडाने म्हणायचा, कुठला बांध झिरपतोय, भरतीचं पाणी आत घ्यायची ती उघाडी, तिची कुठली फळी ढिली झालीय, कुठलं मीठ ओढायला आलंय, आणि मी सातवीपर्यंत शिकलेली, तर मी ते पाटीवर लिहायची. झालं की पुसायचं, राहिलं की तसंच ठेवायचं. तिथून मला याद्यांची सवय लागली ती अजून हाय. तुम्ही आत आलात तेव्हा दारामागं कागद बघितलात ना, तो आजचा.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय ते आधी सांगते, म्हणजे मध्ये मी भलतीकडं गेले तर तुम्ही मला परत आणाल. माझ्या मुलीच्या, नंदाच्या, माथ्यावर एक खोटं बसलं. तिनं निष्काळजीपणा केला, मशीनचं बटण बंद केलं नाय, म्हणून तिचं पोर गेलं, असं. ते खोटं हाय हे मला पहिल्या दिवसापासून म्हाईत होतं आणि मी बोलले नाय. तेवढंच सांगायचंय.

लग्न होऊन मी जोह्याला आले. जोहे म्हणजे गणपतीचं गाव, तुम्हाला म्हाईतच हाय, घराला लागून कारखाना, पावसाळ्यात माणसं ओटीवर आणि मूर्त्या घरात अशी आमची राहणी. आमच्या मालकांचा हात चांगला, डोळे तेच काढायचे, पण व्यवस्था म्हणाल तर शून्य. कुणाची मूर्ती केवढी, कुणाला पितांबर पिवळा आणि कुणाला लाल, सगळं डोक्यात, आणि डोकं रंगात. मग मी वही घातली. त्यात मोठं काम पाटांचं. आमच्याकडं घरच्या गणपतीचं गिऱ्हाईक आषाढात आपला पाट आणून देतं, त्याच्या पाटावर त्याची मूर्ती बसवायची, आणि चतुर्थीला तो पाटासकट डोक्यावर घेऊन जाणार. आजोबा-पणजोबाचे पाट असतात. एक इकडचा तिकडं झाला तर माणूस भांडत नाय, नुसता बघतो, ते जास्त लागतं. म्हणून मी प्रत्येक पाटाच्या खाली खडूने नाव आणि वहीत खूण, कडेला पितळेची फुली हाय, एक पाय बदललाय, असं सगळं लिहून ठेवायची. इतक्या वर्षांत माझ्याकडून एक पाट चुकला नव्हता. मालक गिऱ्हाइकाला हसून सांगायचे, देव माझ्याकडं, पाट हिच्याकडं.

आता मशीन. श्रावणापर्यंत आमच्याकडं पाच-सहा कामगार जेवायला-राहायला, त्यांचे कपडे प्लास्टरने ताठ, आणि ते धुऊन धुऊन माझी बोटं फाटलेली, चटणीला हात लावता येत नसे. दादा नागोठण्याच्या बाजूला कंपनीत लागला होता, मेंटेनन्सला, त्याने नवीन मशीन घेतलं तेव्हा जुनं मला आणून दिलं. दोन डब्यांचं, एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं, अंग सगळं पत्र्याचं. गल्लीतलं पहिलं. बायका बघायला आल्या, आणि मी शहाणीने पहिल्याच दिवशी कामगारांच्या चड्ड्या तशाच आत टाकल्या. प्लास्टर पाण्यात सुटलं आणि खालच्या पाइपात जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी पाणी जाईना, मालकांनी पाइप काढून आपटला, तर आतून हातभर पांढरी कांडी निघाली, वाकडी. शेजारची रखमाकाकू म्हणाली, गो कुसुम, तुझ्या मशीननं सोंड काढली, आता धड कुठं हाय ते बघ. पुढं वर्षभर मला गावात विचारायचे, काय काकी, सोंडा कशा दिल्या.

मग मी मशीनची यादी केली. कपडे आधी अंगणात झटकायचे, मग बादलीत भिजवायचे, वरचं पाणी बाहेर ओतायचं, मगच मशीनमध्ये. काम झालं की बटण बंद, तोटी बंद, खालचा पाइप हुकावरून काढून जमिनीवर टाकायचा म्हणजे तळाचं पाणी निघून जातं. दर शनिवारी जाळी काढून घासायची. झाकण उघडं ठेवायचं, नायतर रबराला बुरशी धरते. आमची हवा खारी, पत्रा खाते, म्हणून खालच्या कडेला महिन्यातून एकदा तेलाचं फडकं. हे सगळं मी कागदावर लिहून न्हाणीच्या दाराला चिकटवलं होतं, वरून प्लॅस्टिक लावून.

गणपतीच्या आधी दोन महिने आमच्याकडं व्होल्टेज म्हणून नसायचं. सगळ्या कारखान्यांत रंगाच्या फवाऱ्याचे काँप्रेसर, ट्यूब, पंखे. संध्याकाळी ट्यूब नुसती डोळे मिचकावायची आणि मशीनचा पिळायचा डबा म्हाताऱ्यासारखा उठायचा, बसायचा. गावात वायरिंग करणारा एक जण होता, त्याचं नाव नको, तो आता नाय. तो म्हणाला, काकी, पोलावरून करंट येतोय बरोबर, परत जायची वायर कमजोर हाय, तिला आपण जमिनीतून वाट देऊ. सगळीकडं तसंच केलंय. मालक म्हणाले, दे. त्याने न्हाणीच्या मागं ओल्या जागेत सळई ठोकली, घराची परतीची वायर पोलावरून सोडवून तिला बांधली, आणि मशीनच्या प्लगची ती तिसरी जाडी पिन असते ना, तिची वायर पण तिलाच बांधली. म्हणाला, एकाच खुंटीला दोन म्हशी. आणि खरोखर ट्यूब लख्ख लागली, मशीन गरागरा फिरलं. मी त्याला चहा दिला, वर लाडू दिला. माझ्या हाताने दिला.

त्यानंतर मशीनला ओला हात लागला की मुंग्या यायच्या. फार नाय, अशा बारीक, कोपरापर्यंत. मी मालकांना बोलले, ते म्हणाले, सगळ्यांच्याच येतात, रबरी चप्पल घाल. न्हाणीत चप्पल मला जमत नाय. मग मी आमचा जेवायचा एक जुना पाट न्हाणीत नेला, शिवणीच्या लाकडाचा, जाड, आणि त्यावर उभी राहून मशीन लावायला लागले. मुंग्या बंद. मला काय वाटलं म्हणता, मला वाटलं जमलं. दुखणं बरं केल्यासारखं वाटलं. यादीत एक ओळ वाढवली, पाटावर उभं राहणे. जाळी, तोटी, पाइप, पाट, सगळं त्या कागदावर होतं. फक्त न्हाणीच्या मागची सळई त्यात नव्हती, कारण ती मला मशीनचा भाग वाटलीच नाय. मिठागरावर वाढलेली मी. खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको होतं.

नंदा आमची एकुलती. तिला रोह्याला दिली, जावई तिकडं एमआयडीसीत नोकरीला, घर चांगलं, विहीणबाई बोलायला फटकळ पण मनाने वाईट नायत. तिच्याकडं पण मशीन होतं, वायरिंग नवीन, नीट केलेलं. ती माझ्यासारखीच टापटिपीची, माझा तो कागद तिनं लग्नाआधीच आपल्या अक्षरात उतरवून घेतला होता. पहिलटकरीण, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून आम्ही तिला माहेरी आणली. श्रावण चालू, कारखान्यात उभं राहायला जागा नाय, पण मी तिच्यासाठी मागची खोली रिकामी केली, जुनी लुगडी मशीनमध्ये धुऊन दुपट्यांसाठी फाडून घड्या घालून ठेवल्या. तिला मी सांगितलं होतं, मशीनपाशी जायचं तर पाटावर उभी राहा गो, पत्र्याला मुंग्या येतात. ती म्हणाली, अगं आई, मग दुरुस्त करून घे ना. मी म्हटलं, गणपती होऊन जाऊ दे. पाट दिसेल तिथंच, उभी राहा म्हणजे झालं. असं मी तिला सांगितलं.

त्याच आठवड्यात मी पाट उतरवून पुसत होते, तर एक पाट उचलल्याबरोबर हातात भुगा आला. पेणचे एक जुने गिऱ्हाईक, शिक्षक होते, रिटायर झालेले, त्यांचा. मी तो भिंतीला टेकवून ठेवला होता आणि मागून वाळवी लागली. दोन पाय गेलेले, फळी पोखरलेली. काय सांगू तुम्हाला माझी काय अवस्था झाली. मालकांना सांगायची हिंमत नाय, कारण पाट माझ्याकडं. नवीन आणावा तर त्यांचा शिवणीचा, जुना, तेल पिऊन काळा झालेला, नवीन लगेच ओळखला असता. तसला एकच पाट घरात होता. मी न्हाणीतून आणला. गरम पाण्याने धुतला, राखेने घासला, उन्हात ठेवला, तेल लावलं, खाली खडूने त्यांचं नाव घातलं, आणि कुणी नसताना रांगेत ठेवून दिला. दुपारी मालकांनी त्यावर मूर्ती बसवली. माझ्या पायाखालचा, न्हाणीतला पाट देवाखाली गेला आणि वहीत सगळं बरोबर. मनात म्हटलं, उद्या न्हाणीसाठी दुसरी फळी बघू. कागदावर लिहिलं सुद्धा, फळी.

नंदाला मी ते सांगितलं नाय. कसं सांगणार, तिनं विचारलं असतं, पाट कुठं गेला.

दुसऱ्या दिवशी, साधारण अकरा वाजता, मी अंगणात. टेम्पो लागलेला, कच्च्या पांढऱ्या मूर्त्या पेणला जायच्या होत्या, आम्ही पेंढा घालून भरत होतो. एकदम कारखान्यातला काँप्रेसर बंद झाला, पंखे थांबले. कामगार म्हणाले, लाइट गेली. नेहमीचंच, कुणी बघितलं पण नाय. नंदा मागच्या दारातून मला म्हणाली, आई, लाइट गेलीय तोवर मशीनची जाळी साफ करून टाकते, आज शनिवार. मी म्हटलं, वाकू नको जास्त. एवढंच म्हटलं.

थोड्या वेळाने बादली पडल्याचा आवाज आला. मी गेले. ती न्हाणीत ओल्या जमिनीवर उकिडवी, एक हात मशीनच्या खालच्या कडेला, तोंड उघडं, आवाज नाय, आणि अंग थरथरतंय. मी पहिलं बोर्डाकडं बघितलं. बटण बंद होतं. वरचा बल्ब बंद. लाइट गेलेली. तोटी बंद, पाइप जमिनीवर काढून ठेवलेला, सगळं कागदावर होतं तसं, क्रमाने. तर मला वाटलं करंट नाय, आकडी आली. गरोदरपणात येते ना आकडी. मी तिच्या खांद्याला हात लावला आणि मी मागं भिंतीवर आपटले. तेव्हा कळलं. पण बंद काय करायचं? जे बंद करायचं ते बंदच होतं. तुम्ही विचार करा, तुमचं माणूस समोर जळतंय आणि विझवायला काही नाय. किती वेळ गेला मला म्हाईत नाय. मग मी प्लगची वायर दोन्ही हातांनी धरली आणि ओढली, प्लग भिंतीतून निघाला, आणि ती बाजूला पडली.

श्वास होता. तळहात काळा पडलेला. तिनं पहिलं पोटावर हात नेला.

टेम्पोतल्या मूर्त्या उतरवायला वेळ नव्हता. तिला पुढं घेतली, माझ्या मांडीवर, मालक मागं मूर्त्यांत चढले. टेम्पोवाला आमचा नेहमीचा, बारा वर्षं गणपती वाहणारा, त्याच्या पायाला सवय, प्रत्येक खड्ड्याशी तो गाडी थांबवून थांबवून उतरवायचा. मी म्हटलं, जोरात घे. तो म्हणाला, काकी, मागं माल हाय. मी म्हटलं, मोडू दे. तो तरी मागं बघतोय, तेव्हा मागच्या जाळीतून मालकांचा आवाज आला, अरे मोडू दे, चल. पेणपर्यंत मागं काहीतरी फुटत होतं आणि नंदा मला विचारत होती, आई, हलतंय का, तू हात लावून बघ ना, मला कळत नाय. मी हात ठेवला. टेम्पोच हलत होता, त्यात मला काय कळणार. मी म्हटलं, हलतंय गो.

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नळी लावली आणि म्हणाल्या, ठोके आहेत. पण थोडे संथ आहेत, इथेच ठेवू, हालचालीवर लक्ष ठेवा. दोन दिवस आम्ही त्या पोटाकडं बघत बसलो. नंदाने कागद मागितला, प्रत्येक हालचालीला एक रेघ मारायची. पहिल्या दिवशी रेघा भरपूर. दुसऱ्या दिवशी कमी. संध्याकाळी ती म्हणाली, झोपलं असेल. मी म्हटलं, व्हय, झोपलं असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सने नळी इकडं लावली, तिकडं लावली, मग बाईंना बोलावलं, बाईंनी पण लावली, आणि नळी हळूच गळ्यात घातली. मुलगी होती. चांगली पूर्ण, डोक्यावर केस असलेली. मी बघितली, नंदाला दाखवली नाय, दाखवायला हवी होती.

विहीणबाई आणि जावई रोह्याहून आले. विहीणबाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, रडून डोळे लाल, आणि म्हणाल्या, अगं, मशीनला हात लावण्याआधी बटण बंद करायचं एवढं सुद्धा तुला सुचलं नाय का गो? नंदा म्हणाली, मी केलं होतं. जावई म्हणाला, बंद असतं तर लागला कसा? ती म्हणाली, मी केलं होतं, लाइट पण गेली होती. जावई आमच्या मालकांकडं बघायला लागला, म्हणजे हिच्या डोक्यावर परिणाम झालाय का, असं. मग ती माझ्याकडं वळली. आई, तू आलीस तेव्हा बटण बंद होतं ना? तू बघितलंस ना?

मला सळईचं तेव्हा काही कळत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच, पाट. मी म्हटलं असतं बंद होतं, तर पुढचा प्रश्न, मग झालं कसं, आणि माझ्याकडं उत्तर एकच, की मुंग्या येत होत्या आणि पाट मी काढला. पाट कुठं गेला? देवाखाली. कुणाच्या? चतुर्थीला पंधरा दिवस, गावभर झालं असतं की यांच्याकडं न्हाणीतल्या पाटावर गणपती बसवतात. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाला, हे होतं की देवानेच मला हे केलं. हे सगळं एका श्वासात. मी म्हटलं, मला काय आठवत नाय गो, मी घाबरले होते.

तिनं भिंतीकडं तोंड केलं. दवाखान्यातून ती थेट रोह्याला गेली, बाळंतिणीसारखी नाय, आजाऱ्यासारखी, आणि जाताना मला नमस्कार करायला वाकली नाय.

दादा चार दिवसांनी आला, सोबत टेस्टर. मागं गेला, बसला, आणि मला हाक मारली. सळईला वायर गुंडाळलेली होती तिथं नुसता गंज, वायर सुटून बाजूला. मी म्हटलं, वायर तुटली तर करंट कमी व्हायला हवा, लाइट पण गेली होती की. दादा म्हणाला, कुसुम, आपल्या उघाडीतून भरतीचं पाणी आत आलं आणि परत जायची वाट बुजली तर काय होतं? वाहत नाय, आवाज नाय, वरून वाटतं शांत हाय, पण तुंबलेलं असतं, आणि जिथं भोक मिळेल तिथून फुटतं. तसं झालं. परतीची वाट तुटली, म्हणून ट्यूब विझल्या, पंखे थांबले. पण करंट गेला नव्हता. सगळ्या घराचा तुंबलेला करंट त्या तिसऱ्या पिनेतून मशीनच्या पत्र्यात येऊन उभा राहिला होता. बटण त्या पिनेला बंद करत नाय. नंदानं बटण बंद केलं असेल की नसेल, तो म्हणाला, काही फरक नव्हता, प्लगच काढायला हवा होता. मी म्हटलं, केलं होतं तिनं. दादा म्हणाला, मग सांग ना तिच्या घरी. तू बघितलं होतंस? मी उठले, चहा टाकते म्हटलं. त्याने टेस्टर खिशात घातला आणि चहा न घेता गेला.

मी सळई त्याच दिवशी उपटली. मालक ओरडले, आधीच काँप्रेसर बंद, रंग बाकी, वायर परत बांधली असती तर आज चालू झाला असता. पोलावरची परतीची वायर नीट करून घ्यायला दोन दिवस गेले, तेवढे दिवस त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाय. पण मी रोह्याला गेले नाय हो. गणपती होऊ दे म्हटलं. सगळी गिऱ्हाइकं आली, ते शिक्षक पण आले, पाट बघितला, हात फिरवला, मूर्ती डोक्यावर घेतली आणि मोरया म्हणत गेले. मी सांगितलं नाय. विसर्जन झालं. पितृपक्ष लागला, आणि मला वाटलं आता घरात दुसरं काही कारण उरलं नाय, तेव्हा मी एसटीने रोह्याला गेले.

विहीणबाईंना मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मुंग्या, पाट, वाळवी, सळई, बटण. बटण बंद होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि दवाखान्यात मी खोटं बोलले. त्या ऐकत होत्या, हातात निवडायचे तांदूळ. शेवटी म्हणाल्या, कुसुमताई, महिनाभर मी त्या पोरीला रोज बोलतेय. रोज. आणि तांदळाचं ताट बाजूला ठेवून त्या आत गेल्या. आतून नंदाचा आवाज आला, शांत, सासूशी बोलतेय पण मला ऐकू येईल असा, आई म्हणून तिनं तेव्हा सांगायचं होतं, आता येऊन काय. ती बाहेर आली नाय. विहीणबाईंनी मला चहा दिला, मी प्यायले, पाच वाजताच्या गाडीला बसले.

त्या शिक्षकांकडं पण मी गेले, पेणला. ते ऐकून घेऊन म्हणाले, काकी, देवाचं मी बघतो, तुम्ही मुलीचं बघा. रागावले नायत. पण पुढच्या वर्षी पाट आणला नाय.

आता तीन वर्षं होतील. जोह्यात कुणी मशीन घेतलं की मी न बोलावता जाते. आधी मागं जाऊन बघते, सळई हाय का. हसतात, म्हणतात, आली सळईवाली. हसू दे. त्यांना सांगते ते तुम्हाला पण सांगते, लिहून घ्या. नुसतं बटण बंद करून मशीनला हात लावायचा नाय. हात कोरडे करा, बटण बंद करा, मग प्लग धरून, वायर धरून नव्हे, भिंतीतून पूर्ण काढा आणि समोर दिसेल असा ठेवा. मग तोटी, मग पाइप, मग जाळी. लाइट गेली असेल तरी प्लग काढायचाच. तिसऱ्या पिनेची वायर तिच्या स्वतःच्या अर्थिंगच्या खड्ड्यात गेली पाहिजे, कशाशी बांधलेली नको, आणि माहितगार माणसाकडून तपासून घ्यायची. आणि पत्र्याला मुंग्या आल्या, अगदी बारीक आल्या, तरी त्या दिवशी मशीन बंद. त्यावर उपाय शोधायचा नाय. मी शोधला होता.

नंदा गणपतीला येते, सकाळी येते, दुपारी जाते. बोलते. बापाशी जास्त, माझ्याशी कामापुरतं. आता तिला परत दिवस गेलेत, आठवा लागलाय. रिवाजाने माहेरी यायला हवं, पण मी तोंड उघडलं नाय. गेल्या आठवड्यात शेजारी फोन आला, विहीणबाई होत्या, म्हणाल्या, तिला तिकडं पाठवत नाय, पण माझे गुडघे चालत नायत, तुम्हीच इकडं या बाळंतपणाला. मी म्हटलं, तिला विचारलंत? त्या म्हणाल्या, थांबा, देते. मग नंदा म्हणाली, आई, ये. पण घरातल्या कशाला हात लावू नको.

मी म्हटलं, नाय लावणार.

उद्या सकाळच्या गाडीने जाते. मालक स्टॅंडवर सोडतो म्हणालेत. डिंक घेतलाय, हळीव घेतलेत, सुंठ घेतलीय. तिकडं गेल्यावर ती म्हणेल तिथं बसेन, म्हणेल तेव्हा उठेन. पोर हातात दिलं तर घेईन, नाय दिलं तर लांबून बघेन. सुखरूप सुटू दे तिला, बाकी माझं काही मागणं नाय. तुमच्या पण लेकी-सुना सुखी राहू देत. आता उठते मी, अजून तांदूळ दळून आणायचेत.